येणे बाकी

पोलादपूर पाहायला म्हणून कुणी पोलादपूरला जात नाही. महाबळेश्वरला निघालेली मंडळी आंबेनळी घाट चढण्यापूर्वी तेथे चहा घेतात आणि तळकोकणात निघालेली मंडळी कशेडीकडे वळण्यापूर्वी घेतात. चहा संपतो, गाडी सुटते आणि पोलादपूर मागे पडते. माझा जन्म मुंबईतला, लालबागच्या चाळीतला, पण कुणी "गाव कोणते?" म्हणून विचारले की आज सत्तरीला टेकलो तरी तोंडातून "पोलादपूर" असेच येते. खरे म्हणजे आमचे गाव पोलादपूरच्याही आत, डोंगराच्या कुशीत आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही. कारण पुढे कळेलच.

२०२३च्या आश्विनात मी एकटाच तिकडे निघालो. घरच्यांना वाटले, म्हाताऱ्याला कुलदैवताची आठवण झाली. माझ्या पिशवीत दोन कपडे, औषधांची डबी आणि लाल कापडाच्या बांधणीची एक जुनी चोपडी होती. आमच्या दुकानाची ती शेवटची खतावणी.

दुकान म्हणजे काय, तर चाळीच्या जिन्याखालची आठ हात लांबीची खोली. माझे वडील लढाई संपल्यावर गावाहून मुंबईला आले आणि गिरणीच्या साचेखात्यात लागले. पुढे छातीत दम भरू लागला तेव्हा त्यांनी गिरणी सोडून हे दुकान टाकले. उकड्या तांदळाचे पोते, नाचणीचे पीठ, सुकट, बोंबील, गूळ, तंबाखू आणि विड्यांची बंडले, एवढा माल. वरच्या मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत आईची खाणावळ. जेवायला येणारे सगळे आमच्याच खोऱ्यातले. शेजारच्या चाळीत त्यांची 'गावची खोली' होती. एका खोलीत पंधरा-वीस माणसे; प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीतली एक खुंटी. पहिल्या पाळीचा माणूस उठला की रातपाळीचा माणूस त्याच जागी आडवा होई. अंथरुणाला थंड व्हायला सवड म्हणून मिळत नसे.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढची सव्वाशे वर्षे महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या घरांनी आपला एक तरी पुरुष त्या भोंग्याच्या स्वाधीन केला. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भाताची चार खाचरे. तेवढ्यावर घराचे वर्ष निघत नसे. उरलेले महिने मुंबईची मनीऑर्डर काढी. पण मनीऑर्डर दहा तारखेच्या पगारानंतरच निघायची आणि पोट तर एक तारखेलाही भूक धरते. मधले दिवस कुणी सांभाळायचे? गावाकडे महाडच्या पेठेतला व्यापारी सांभाळी आणि मुंबईत आमचे वडील.

हा व्यवहार कसा चाले ते सांगण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या तोंडाला गावची बाई महाडला येऊन मीठ, तेल, बियाणे उधार मागे. तिच्याजवळ तारण काय? मुंबईचा नवरा! मग व्यापारी आमच्या वडिलांना कार्ड टाकी, 'अमुक इसम कामावर आहे काय? पाळी कोणती? चाल कशी?' वडील उलट टपाली लिहीत, 'इसम कामावर आहे. आमच्याकडे जेवतो. माणूस चांगला.' तेवढ्या तीन वाक्यांवर महाडात मापे भरली जात. कधी वडील लिहीत, 'इसम आजारी आहे, पण आम्ही आहोत.' म्हणजे झाले! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाड तालुक्यातल्या नाते गावचा. देशाच्या नोटांवर ज्यांनी सही केली त्यांच्याच मुलुखात आमचा सारा कारभार पंधरा पैशांच्या कार्डावर चालला होता.

लहानपणी मला या धंद्याचा रागच येई. गल्ल्यावर मी बसलो की वडील बजावत, "हे बघ, समोर उभा आहे त्याला गिऱ्हाईक म्हणायचं नाही. तो तुझा काका आहे." आता काकाला 'मागचे कधी देणार?' असे विचारायचे तरी कसे? भाव एक पैसा वाढवला तर रात्री जेवताना पंक्तीत टोमणा यायचा. उलट, पलीकडच्या मोठ्या दुकानात साखर स्वस्त मिळाली तरी आमचा माणूस तेथे जायचा नाही. गेला तर गावच्या बैठकीत त्याला जाब द्यावा लागे. दुकान त्यांना बांधलेले आणि ते दुकानाला. शिमग्याला आणि गणपतीला जाणाऱ्यांबरोबर लुगडी, औषधे, रोख रक्कम अशी सगळी पार्सले आमच्याच दुकानातून निघत. कुणाचे पत्र आले की मी वाचून दाखवायचे. आठव्या-नवव्या वर्षी मी परक्या बायकांची दुखणी, भाऊबंदकीचे तंटे आणि बाळंतपणे वाचली आहेत.

मग १८ जानेवारी १९८२ आली. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पहिल्या महिन्यात सर्वांना वाटले, होळीपर्यंत मिटेल. होळी गेली. गावच्या खोलीतल्या खुंट्या मोकळ्या होऊ लागल्या. बरेच जण गावी गेले, जे राहिले ते आमच्याकडे जेवत राहिले. आईने वरणात पाणी वाढवले, पण ताट कुणाचे थांबवले नाही. खतावणीत फक्त 'नावे'ची बाजू भरत चालली, 'जमा'ची कोरी. दाणाबंदरच्या व्यापाऱ्यांनी माल बंद केला. १९८३च्या पावसाळ्यात दुकानाला कुलूप लागले आणि वडिलांनी अंथरूण धरले.

मी त्या वेळी बँकेत कारकून होतो, वय एकोणतीस. देणेकरी दारात येत, वडील भिंतीकडे तोंड करून पडत. १९८४च्या मे महिन्यात एका रविवारी मी खतावणी उघडली, ज्यांच्याकडे बाकी होती त्यांची यादी केली आणि एकेचाळीस कार्डे लिहिली. 'आपणाकडून येणे रक्कम रुपये इतके. पंधरा दिवसांत पाठवावी, अन्यथा पुढील इलाज करणे भाग पडेल.' बँकेत तशीच लिहीत असू. पुढील इलाज म्हणून माझ्याजवळ काहीच नव्हते. पण ते गावी कुणाला ठाऊक?

सात जणांचे पैसे आले. त्यांतले एक आमचे तात्या. आईच्या हातचे एकोणीस वर्षे जेवलेले. त्यांनी आठशे पासष्ट रुपये एका माणसाच्या हाती पाठवले, चिठ्ठी नाही, निरोप नाही. काही महिन्यांनी उडत उडत कानावर आले की तात्यांनी त्यासाठी बैल विकला. मी ते ऐकले आणि विसरलो. विसरलो असे समजून चाळीस वर्षे काढली, असे म्हणणे अधिक खरे. वडील १९९१ साली गेले. त्या कार्डांविषयी ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग चाळीस वर्षांनी हे उकरून काढायचे कारण काय? कारण घडले ते सातासमुद्रापलीकडे. माझा मुलगा अमेरिकेत बोस्टनजवळ राहतो. त्याच्याकडे गेलो असता त्याने मला लोवेल नावाचे गाव दाखवायला नेले. तेथे मेरिमॅक नदीकाठी कापडाच्या जुन्या गिरण्या आहेत आणि त्यांतल्या एकीचे संग्रहालय केले आहे. एका दालनात साचे अजून चालू ठेवतात. दार उघडताच तो खडखडाट कानांवर आदळला आणि मला क्षणभर वडिलांच्या अंगाचा, तेलाचा आणि सुताचा वास आला.

त्या गिरण्यांत राबायला कॅनडाच्या क्युबेक मुलखातून फ्रेंच बोलणारे शेतकरी आले होते. तेही अपुरी शेती सोडून, भावामागे भाऊ असे आले. त्यांच्या वस्तीला 'लिटल कॅनडा' म्हणत. आपले देऊळ, आपली शाळा, आपले दुकान, सगळे आपल्या भाषेतले. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर म्हणून असेच गिरणगाव आहे. तेथल्या फ्रेंच मंडळींनी १९०८ साली आपल्या चर्चच्या आश्रयाने एक पतपेढी काढली आणि अमेरिकेतली तसली ती पहिली संस्था ठरली. लोवेलची ती वस्ती मात्र १९६०नंतर नगर-सुधारणेत पाडून टाकली.

संग्रहालयातल्या बाकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. बोलता बोलता कळले की त्यांच्या वडिलांचे त्या वस्तीत किराणा दुकान होते. मी म्हटले, "माझ्याही वडिलांचे होते." आम्ही दोघेही हसलो. उधारी, पगाराचा दिवस, ओशाळे होऊन मागच्या दाराने येणारी माणसे, सगळे तेच. त्या म्हणाल्या, "दुकान मोडले तेव्हा आईने उधारीची वही शेगडीत घातली. तुमच्या वडिलांनी काय केले?"

मला उत्तर देता आले नाही. मुंबईला परतल्यावर माळ्यावरची ट्रंक उतरवली. खतावणी होती. वडिलांनी ती जाळली नव्हती, एकही बाकी खोडली नव्हती. फक्त ज्या सात खात्यांवर १९८४ साली रक्कम जमा झाली होती, त्या प्रत्येक रकमेपुढे त्यांच्या कापऱ्या अक्षरात दोन शब्द होते : 'मागून घेतले.'

म्हणून हा प्रवास.

माणगाव सोडले, लोणेरे मागे पडले आणि दासगावपाशी खाडी दिसली. पूर्वी बाणकोटच्या खाडीतून गलबते आणि लाँचा येथपर्यंत येत. डिसेंबर १९२७च्या परिषदेला डॉ. आंबेडकर बोटीने येऊन याच बंदरावर उतरले होते. पुढे डाव्या हाताला गांधारपाल्याची लेणी डोंगरात दिसू लागली की महाड आले असे समजावे. महाडला मी प्रथम चवदार तळ्यावर गेलो. शाळेत असताना गावाकडे जाताना महाडला एसटी बदलावी लागे, पण वडिलांनी मला हे तळे कधी दाखवले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी येथे बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्या ओंजळीचा न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

पायरीवर बसलो आणि मनात एक गोष्ट आली, ती लिहितो. वडील ज्या साचेखात्यात होते तेथे कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. उष्ट्या धोट्याचा विटाळ नको म्हणून त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या माणसांना घेत नसत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. आमच्या खोऱ्यातून ती माणसेही मुंबईला आली होती, त्याच गिरणीत राबत होती. पण आईच्या पंक्तीत त्यांतले कुणी बसलेले मला आठवत नाही आणि आमच्या खतावणीत त्यांतल्या एकाचेही नाव नाही. 'आपली माणसे' हे शब्द मी इतक्या अभिमानाने बोलत आलो; त्यांतून कोण वगळले गेले होते, हे मी कधी मोजले नव्हते. ज्यांना उधारसुद्धा मिळाली नाही त्यांची बाकी कोणत्या वहीत लिहायची?

तेथून पेठेत गेलो. वडील ज्यांना कार्डे लिहीत त्या व्यापाऱ्यांचे दुकान अजून आहे, नातू चालवतो. दुकानात भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ होती. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या फुगल्या की महाडच्या पेठेत पाणी ही नवलाई नाही, पण २२ जुलै २०२१चे पाणी वेगळे होते. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही डोंगर आला.

मी त्यांना माझी चोपडी दाखवली आणि विचारले, "तुमच्याकडच्या जुन्या वह्या आहेत का?"

नातू म्हणाला, "आजोबांच्या साठ वर्षांच्या वह्या पोटमाळ्यावर होत्या, काका. पूर ओसरल्यावर बघितलं तर चिखलाचे गोळे झाले होते. फावड्याने ओढून गाडीत भरल्या." मग हसून म्हणाला, "सावित्रीनं सगळ्यांची बाकी एका रात्रीत फेडून टाकली!"

मीही हसलो. पण मनात आले, हा सुटला. माझी वही कोरडी आहे.

महाडहून पोलादपूर अठराएक किलोमीटर. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. जुना, ब्रिटिश अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नव्या पुलावरून आमची एसटी गेली तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने हात जोडले. बोलला काही नाही. पोलादपूरच्या स्थानकावर मी चहा घेतला. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात, आणि पलीकडे उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. वडील दरवेळी दोन्ही दिशांना बोट करून दाखवत. मला त्या वेळी चहाबरोबरच्या भज्यांची घाई असे.

आमच्या गावी पोचेपर्यंत ऊन कलले होते. खाचरांतले भात पोटरीतून बाहेर पडून पिवळे होत चालले होते, पण मधूनमधून कित्येक खाचरे नुसत्या गवताची. अर्धी घरे कुलपे लावलेली. तात्या कधीच गेले, त्यांचा मुलगाही गेला. ओटीवर त्यांची सून सुपात नाचणी पाखडीत बसली होती. वयाने माझ्याएवढीच. मी नाव सांगितले. तिने सूप खाली ठेवले, डोक्यावर पदर घेतला.

"या भावजी. लालबागच्या खाणावळवाल्या आत्याचं तुमी. बसा."

पाणी झाले, गूळ झाला. मी चोपडी उघडून तात्यांचे खाते काढले आणि जे सांगायचे होते ते एका दमात सांगितले. मला वाटत होते, ती डोळ्यांना पदर लावील, 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणेल. वाचकहो, कबूल करतो, मी त्या वाक्यासाठीच एवढा प्रवास केला होता.

ती म्हणाली, "कारड आलं तवा मीच वाचून दावलं मामंजींना. सातवी शिकल्यालीये मी. दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी बैल घिऊन भायेर पडले. साडेनऊशेला दिला."

"एकच बैल?"

"एकच. पन एका बैलानं नांगर चालतो व्हय, भावजी? दुसऱ्याची जोडी मोकळी झाली तवा आमची लावनी. तवर पाऊस पुढं गेला. त्या साली भात निम्मं बी न्हाई झालं. मग ह्यांनी म्हमई धरली ती कायमची."

मी खिशातून पाकीट काढून पुढे केले. दहा हजार रुपये होते. आठशे पासष्टांचे दहा हजार म्हणजे पुष्कळ झाले, असा हिशेब मी घरून करून निघालो होतो. तिने नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मग विचारले, "आज एक बैल कितीला पडतो, ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हते.

"पंचवीस हजारांच्या खाली बरा बैल न्हाई मिळत. आन् त्या सालचं निम्मं भात?"

मी गप्प. तिच्या आवाजात राग नव्हता. आमचे वडील पगाराच्या दिवशी ज्या आवाजात हिशेब सांगत, तसाच तो सरळ आवाज होता.

"भात सोडलं मी," ती म्हणाली. "मामंजींनी आत्याच्या हातचं खाल्लंय. बैलाचं ऱ्हाऊ द्या. ह्ये दहा जमा लिवा. नातीची कालेजाची फी भरायची हाय म्हाडात, बरं झालं. बाकी काडा."

मी पेन काढले. ओटीवर मांडी घालून, एकोणीसशे चौऱ्याऐंशीनंतर त्या खतावणीत पहिल्यांदा लिहिले. फरक एवढाच की आता नावे आमची होती आणि येणे त्यांचे. 'जमा १०,०००. बाकी १५,०००.' तिने चोपडी हातात घेऊन वाचली, मान हलवली आणि मग पहिल्यांदा हसली. "ऱ्हावा आज. शेवग्याची भाजी केलीये."

राहिलो. आईने ज्यांना एकोणीस वर्षे वाढले त्यांच्या घरी त्या रात्री जेवलो. ताटात दुसरी भाकरी न विचारता पडली.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर मी तीच जुनी चोपडी ठेवली. सुनेने विचारले, "बाबा, नवी आणू का?" म्हटले, नको, हिच्यात अजून कोरी पाने आहेत. बैलाची बाकी पुढच्या शिमग्याला फेडली. पण 'मागून घेतले' असे लिहिलेली आणखी सहा खाती आहेत. त्यांतली दोन घरे सापडली. एका घरी पैसे घेतले, एका घरी दारातूनच परत पाठवले; तेही चोपडीत लिहून ठेवले आहे. उरलेली चार घरे शोधतो आहे. गुडघे कुरकुरतात, पण पोलादपूरची एसटी अजून स्थानकातून सुटते, आणि खिडकीची जागा मिळाली तर महाडपर्यंत डोळा लागत नाही.